तासाचा दर

आपल्या धंद्यातल्या लोकांना एक हिशेब फार आवडतो. पगार भागिले तास, आला तासाचा दर. मग घरातलं कुठलंही काम निघालं की तो दर लावायचा आणि म्हणायचं, "परवडत नाही बुवा, नवीनच घे!" मला हा हिशेब मुळातच खोटा वाटतो. उदाहरण म्हणून घेतो पीटीओ क्लच.

(पीटीओ म्हणजे पॉवर टेक-ऑफ. इंजिनाची ताकद अवजाराला द्यायची सोय. आपल्याकडे ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर फिरतो तो ह्याच्यावरच.)

इथे ओहायोत माझ्याकडे कब कॅडेट 124 आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा 1960च्या दशकातला बागेचा ट्रॅक्टर, 12 हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं कोहलर इंजिन. मूळ कंपनीने हा धंदा 1981 मध्येच विकून टाकला. यंदा उंच गवतात पातं मंदावायला लागलं, जळका वास यायला लागला, आणि क्लच सोडला तरी पट्टा आपला हळूहळू फिरतोच आहे. म्हणजे धरत पण नाही आणि सुटत पण नाही. डिबगिंग केलेल्या माणसाला अशा लक्षणांनी खरं तर गुदगुल्या व्हायला हव्यात. पण मित्रमंडळींचं उत्तर ठरलेलं: नवीन घे. सर्व्हर पडला की लॉग बघितल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, तीच ही मंडळी!

आत काय असतं? इंजिनाच्या पुढच्या टोकाला बेअरिंगवर बसवलेली पुली. तिच्या पोटात एक फ्रिक्शन प्लेट, आणि स्प्रिंगच्या जोराने तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. बाहेर तीन बोटं. लिव्हर हलवलं की एक बटण त्या बोटांवर दाबतं, प्रेशर प्लेट मागे सरते, पुली सुटते. बस्स. प्लेट झिजली की क्लच घसरतो. आणि बोटांची उंची कमीजास्त झाली की प्रेशर प्लेट तिरकी उचलली जाते, एका बाजूने चिकटूनच राहते. माझ्याकडे दोन्ही झालं होतं.

खरा वेळ गेला तो ग्रब स्क्रूंवर. पुली धरून ठेवायला तीन भोकं आहेत, आणि प्रत्येक भोकात एकावर एक असे दोन स्क्रू. वरचा खालच्याला जाम करतो. ज्याला हे माहीत नाही तो वरचे तीन काढतो, पुलर लावतो आणि जोर करून शाफ्ट ओरबाडून ठेवतो. गंजलेले सहा स्क्रू काढायला तेल, उष्णता, चांगली अ‍ॅलन की आणि अख्खा शनिवार लागला. (जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.) दुसऱ्या शनिवारी नवीन प्लेट, स्प्रिंगा, बेअरिंग, बटण, आणि मग तिन्ही बोटं मोजून एका उंचीवर. सुटे भाग शंभर डॉलरच्या आत आले.

आता तो हिशेब. दोन शनिवार गुणिले माझा दर, म्हणजे म्हणे मी हजारभर डॉलर घालवले. अरे, पण कुणाला विकणार होतो मी ते शनिवार? असं गिऱ्हाईक असेल तर पत्ता द्या की! दोन तास नेटफ्लिक्स बघताना हा दर कुणी लावत नाही. तो लागतो फक्त हात काळे व्हायची वेळ आली की. आणि ह्या हिशेबात नव्या मशीनची बाजू कुणी मांडतच नाही. विजेच्या क्लचला माझा विरोध नाही, बटण दाबलं की काम होतं. पण आतली कॉइल जळली की बहुतेक वेळा अख्खा क्लचच बदलावा लागतो, आणि त्याला दोनशे डॉलर सहज जातात.

मोठ्या ट्रॅक्टरांचं तर विचारूच नका. दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरांनाच देता, असा आरोप ठेवून 2025च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दोन राज्यांना घेऊन जॉन डिअरवर दावा लावला. कोलोरॅडोने तर 2023 मध्ये शेतकऱ्याला स्वतःची यंत्रं दुरुस्त करता यावीत म्हणून कायदा केला. स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी कायदा! आणि ते कुलूप लावणारा कोड लिहितं कोण? आपल्यासारखेच कुणीतरी, तासाच्या दराने.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाहीये हं. ह्या ट्रॅक्टरवरून पातं चालू असताना उठलात तर काहीही थांबत नाही. हे सरळ धोकादायक आहे, आणि इथे नवी मशीन निर्विवाद चांगली. पण ह्याचं इग्निशन बॅटरी आणि कॉइलचं आहे. कॉइलच्या वायरमध्ये सीटखाली एक स्विच टाकला की माणूस उठताक्षणी इंजिन बंद. स्विच आणून ठेवलाय, पुढच्या शनिवारी बसवतो.