विश्लेषण : कुऱ्हाड न लावताही वर्सोव्यातील तिवरे का मरू शकतात?

अंधेरी पश्चिमेला लोखंडवाला, वर्सोवा परिसरात खाडीकाठी कांदळवन आहे. त्याची चर्चा होते ती बहुतेक वेळा वृक्षतोडीवरून. पण राडारोड्याचा भरावही तितकाच घातक ठरतो. त्याचे कारण झाडाच्या पेशींत दडले आहे.

ऊर्जा येते कुठून?
पानांतील हरितलवके सूर्यप्रकाशाच्या मदतीने पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतात. प्रकाशाची ऊर्जा या साखरेत साठते आणि साखर मुळांपर्यंत पोहोचते.

मग मुळांना हवा कशाला?
साखरेतील ऊर्जा मोकळी होते ती श्वसनातून. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपी या ऊर्जारेणूचे सुमारे ३० रेणू मिळतात. नसेल तर अवघे २. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच. म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलाबाहेर येतात आणि ओहोटीला छिद्रांतून हवा घेतात.

भरावाने काय होते?
श्वसनमुळे गाडली जातात. पानांत साखर बनत असली, तरी मुळांना तिच्यातील ऊर्जा पुरेशी मिळत नाही. मुळे मरू लागतात आणि झाड उभ्या उभ्या वाळते.

कायदा काय सांगतो?
मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी तिवरांच्या तोडीसह कांदळवनात राडारोडा टाकण्यासही मनाई केली. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला बंदी घातली. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांचा अपवाद ठेवला.

त्यामुळे ‘एकही झाड तोडलेले नाही’ एवढा खुलासा पुरेसा नाही. श्वसनमुळे उघडी आहेत का, भरतीचे पाणी आत-बाहेर खेळते का, हेही तपासावे लागते.