खट्ट आवाजाची रीत

दिवाळीनंतर पुतण्याच्या ट्रकने आवाज धरला. उभी गाडी उचलली की खालून 'खट्ट'. रिव्हर्स टाकला की पुन्हा 'खट्ट'. कपाशीचा हंगाम, धरणगावच्या जिनिंगमध्ये भाडी तयार आणि डोक्यावर हप्ते. एका गॅरेजवाल्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "क्राऊन-पिनियन गेलं, हाऊसिंग उघडावं लागेल." खर्च ऐकून पुतण्या माझ्या ओट्यावर येऊन बसला. "काका, गाडी विकूनच टाकतो."

मला गाडीतलं काय कळणार? शाळेत मराठी शिकवायचो, अधूनमधून गणिताचे तास घ्यायचो. पण गणितात नुसत्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. रीत दाखवा! म्हणून विचारलं, "त्यानं खाली शिरून पाहिलं का?" "नाही."

दुसऱ्या दिवशी एरंडोल रस्त्यावरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी पुतण्यालाच प्रश्न विचारले. आवाज उचलताना एकदाच येतो की चालताना सतत? वेगाबरोबर वाढतो का? गाडी थरथरते का? मग सपाट जागा, चाकांना दगड, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. खाली शिरून त्यांनी प्रोपेलर शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवला. मागच्या जॉइंटची एक बाजू हलली, दुसरी जरा उशिराने. वाटीच्या कडेला तांबूस गंजाची पूड. "क्रॉस गेलाय, सर."

क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा. त्याच्या चार टोकांना वाट्या आणि वाट्यांत सुईसारखे रोलर. ग्रीस मिळालं नाही की ते झिजतात, फट पडते आणि जोर आला की 'खट्ट'. असा आवाज दुसरीकडूनही येतो, म्हणून त्यांनी पाट्यांचे यू-बोल्ट, सेंटर बेअरिंग आणि पिनियनचा प्लेही पाहिला. ते ठीक होतं.

शाफ्ट उतरवण्याआधी त्यांनी खडूने खूण केली. जॉइंट तिरका असला की एका फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा कमीजास्त होतो. दुसरा जॉइंट तो फरक भरून काढतो. खूण चुकवून शाफ्ट बसवला तर क्रॉस नवा असूनही गाडी थरथरते. शेवटी चारही वाट्यांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारला.

तशीच चालवली असती तर? पाळधीजवळ ५३ नंबरच्या हायवेवर (आपल्या तोंडी अजून ६ नंबरच!) भरल्या गाडीचा क्रॉस तुटला, तर फिरता शाफ्ट खाली लोंबून ब्रेकचे पाइप तोडू शकतो. त्याचं पुढचं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी उलटूही शकते.

मिस्त्रींनी क्रॉसचे आणि मजुरीचे पैसे सांगितले. तपासणीचे? "त्याचे कोण देतं, सर?"

मंडळी, मला वाटतं खरं दुखणं इथं आहे. सामानाचे पैसे आपण मुकाट्यानं मोजतो, शोधण्याचे देताना मात्र हात आखडतो. मग मिस्त्री न पाहता सामानच बदलायला सांगू लागला, तर दोष एकट्या त्याचा कसा? आम्ही तपासणीचे वेगळे पैसे दिले. ते घेताना मिस्त्री संकोचले. संकोच खरं तर आपल्याला वाटायला हवा.

असो. पुतण्या आता ग्रीस केल्याची तारीख वहीत लिहितो. वही तपासायला माझ्याकडे येते.