दाढी बांधून दरबारात

पोवाडे ऐकत वाढलेल्यांना गाण्यातून काय काय शिकता येतं हे वेगळं सांगायला नको. यंदा जरा लांब, स्पेनला जाऊ या.

बाराव्या-तेराव्या शतकातल्या कास्तीलमध्ये वाचता येणारे थोडेच. 'हुग्लार' म्हणजे फिरते गायक वीरकथा गात, आणि लोक त्यातून शिकत. पुढे दहाव्या आल्फोन्सो राजाच्या कायद्यांच्या ग्रंथात तर जेवणाच्या वेळी सरदारांनी युद्धातल्या पराक्रमाचीच गाणी ऐकावीत, असा नियमच आला!

या गाण्यांतलं सर्वांत नावाजलेलं 'कांतार दे मिओ सिद', सुमारे ३,७३० ओळींचं. त्याचा नायक रोद्रिगो दिआस ऊर्फ एल सिद खराच होऊन गेला. १०९९ मध्ये वालेन्सियात वारला.

लढाया त्यात आहेतच, पण मला आवडतो शेवट. सिदचे दोन जावई, बड्या घराण्यातले भाऊ, त्याच्या मुलींना रानात मारझोड करून टाकून देतात. आता रक्तपात होणार असं वाटतं. सिद मात्र राजाकडे न्याय मागतो. तोलेदोला दरबार भरतो. दाढीला हात घालून कुणी अपमान करू नये म्हणून तो दाढी दोरीने बांधून येतो. आधी मागतो, जावयांना दिलेल्या दोन तलवारी. एवढ्यावरच सुटलो म्हणून ते खुशीने देतात. मग मागतो तीन हजार मार्क. ते तर उडवलेले! घोडे-खेचरं देऊन, उसनवारी करून भरावे लागतात. अब्रूचा हिशेब सगळ्यात शेवटी. सिदची माणसं द्वंद्वात त्यांना हरवतात, तेही कुणाचा जीव न घेता. अक्षरओळख नसलेल्याला दाद कशी मागायची हे यापेक्षा सोपं कोण शिकवणार? हे लग्न इतिहासात झालंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या धाकटीला मी ही गोष्ट सांगितली. सुरुवातीला हद्दपार झालेल्या सिदकडे पैसे नसतात. तो वाळूने भरलेल्या दोन पेट्या सोन्याच्या म्हणून दोन ज्यू सावकारांकडे गहाण ठेवतो आणि सहाशे मार्क उचलतो. चौकात यावर हशा पिकत असणार. हेही शिक्षणच, आणि वाईट. धाकटी हसली नाही. तिने विचारलं, "बाबा, मग त्यांचे पैसे?"

मी पुन्हा पानं चाळली. सावकार मध्येच एकदा आठवण करून देतात, त्यांना गोड शब्द मिळतात. पैसे परत केल्याचं कुठेच नाही.