सल्ला घेतला, नोंद घेतली

मंत्र्यांना विज्ञान कळत नाही, म्हणून ते शास्त्रज्ञांचे ऐकत नाहीत, हे वाक्य दिल्लीतील मराठी मंडळींच्या बैठकींत मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते आरतीतल्या एखाद्या कडव्यासारखे पाठ झाले आहे. मागे एका गणेशोत्सवात एका निवृत्त प्राध्यापकांनी प्रसादाची वाटी हातात धरून ते पुन्हा ऐकवले आणि वर म्हणाले, "तुम्ही तर आत बसता. तुम्हीच सांगा ना." मी हसून विषय टाळला. सरकारी नोकराला त्याचा सराव असतो. पण प्रश्न मनात राहिला, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांना तरी द्यावे असे वाटले. सेवानियमांची मर्यादा मला आहे. म्हणून खाली जे नावानिशी येईल ते पूर्वीच प्रसिद्ध झालेले आहे. आणि जे माझ्या स्वतःच्या अनुभवातले आहे, त्यात दोषी कोण असे विचाराल तर तो मीच आहे.

मंत्री ऐकत नाहीत हे मुळात खरे नाही. मी ज्या मंत्र्यांसमोर बसलो ते सारे ऐकत असत, आणि काही तर उत्तम ऐकत. फारसे शिक्षण नसलेल्या एका मंत्र्यांनी "धोका नगण्य आहे" असे सांगणाऱ्या संचालकांना विचारले होते, "नगण्य म्हणजे शंभरात किती वेळा?" समोर बसलेल्या आम्हा पदव्युत्तरांपैकी एकालाही तो प्रश्न सुचला नव्हता. तेव्हा अडचण कानांची नाही. ऐकलेले पुढे कोठे जाते, ही खरी अडचण आहे. बंद दाराआड दिलेला सल्ला मंत्र्याला दुहेरी सोय करून देतो. पटला तर 'तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार' निर्णय झाला; न पटला तर असा सल्ला कोणी दिलाच नव्हता. ही सोय मंत्री निर्माण करीत नाहीत. ती आम्ही अधिकारी निर्माण करतो, आणि आमच्या हातातील हत्यार असते इतिवृत्त.

वीसएक वर्षांपूर्वी मी एका मंत्रालयात उपसचिव होतो. शेतीत वापरल्या जाणाऱ्या एका रसायनाविषयी तज्ज्ञांचा गट नेमला होता, आणि त्याचे इतिवृत्त लिहिणे माझ्याकडे होते. बैठकीत एक वयोवृद्ध तमिळ शास्त्रज्ञ शांतपणे म्हणाले, की दोन हंगामांची आकडेवारी अपुरी आहे; हे सुरक्षित आहे असे मी म्हणू शकत नाही आणि घातक आहे असेही म्हणू शकत नाही. सहसचिवांना निर्णय त्याच आठवड्यात वर पाठवायचा होता. मी लिहिले : 'सविस्तर चर्चेअंती गटाने कोणताही गंभीर आक्षेप नोंदविला नाही.' वाक्य खोटे नव्हते. आक्षेप 'नोंदविला' गेला नव्हता, कारण नोंदविणारा मी होतो. विज्ञानातील 'सांगता येत नाही' हे वाक्य प्रशासनात 'हरकत नाही' होऊन बाहेर पडते, आणि या रूपांतराला एका परिच्छेदाहून अधिक जागा लागत नाही. पंधरा दिवसांनी त्या गृहस्थांचे पत्र आले. इतिवृत्तात दुरुस्ती करावी, अशी सभ्य विनंती होती. मी उत्तर पाठवले, 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' पुढच्या वर्षी गटाची पुनर्रचना झाली. नव्या सदस्यांची यादी मीच तयार केली, आणि त्यात त्यांचे नाव नव्हते. कोणी मला तसे सांगितले नव्हते. सांगावे लागत नाही.

हे इतक्या विस्ताराने सांगितले त्याला कारण आहे. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत लसींची चणचण असताना, कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर सहा ते आठ आठवड्यांवरून बारा ते सोळा आठवड्यांवर नेण्यात आले. शास्त्रीय पुराव्याच्या आधारे हा निर्णय झाला, असे सांगण्यात आले. जून महिन्यात राष्ट्रीय लसीकरण सल्लागार गटाशी संबंधित तीन शास्त्रज्ञांनी एका वृत्तसंस्थेला सांगितले, की आठ ते बारा आठवड्यांना आमची संमती होती, बारांच्या पुढे जाण्याइतकी माहिती आमच्यापाशी नव्हती. मंत्रालयाने उत्तर दिले, की बैठकीत कोणीही विरोध नोंदविलेला नाही. वर्तमानपत्रांनी विचारले, कोण खरे बोलत आहे? मला तो प्रश्न पडला नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे ज्याने आयुष्यात कधी इतिवृत्त लिहिले आहे त्याला चांगले ठाऊक असते. अंतर वाढविणे चूक होते, असेही मी म्हणत नाही. लस थोडी आणि माणसे फार असताना अधिक लोकांना पहिली मात्रा द्यावी, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज पटणारा युक्तिवाद आहे. पण मग तो तसाच मांडायला हवा होता. 'लस अपुरी आहे, म्हणून आम्ही हे ठरवीत आहोत' हे मंत्र्याचे वाक्य आहे, त्याच्या जबाबदारीचे वाक्य आहे. ते शास्त्रज्ञांच्या तोंडी घालणे म्हणजे आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देणे.

आणि शास्त्रज्ञांनी ते का घेऊ दिले, असे कोणी विचारील. तर आपल्याकडील सल्लागार पुष्कळदा सल्लागार नसतोच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक हे आरोग्य संशोधन विभागाचे सचिवही असतात. कृषी संशोधन परिषदेत तीच रीत, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत तीच. संरक्षण मंत्र्यांचा वैज्ञानिक सल्लागार आणि संरक्षण संशोधन संघटनेचा प्रमुख हे अनेक दशके एकच गृहस्थ होते. २०१५ मध्ये ही पदे वेगळी केली गेली. म्हणजे तोवर ज्याने क्षेपणास्त्र बनवायचे, त्यानेच ते वेळेत होईल की नाही याचा सल्ला द्यायचा, अशी रीत होती. दुकानदारालाच मालाची पारख करायला सांगण्यासारखे हे होते. यात व्यक्तींचा दोष नाही; या खुर्च्यांवर थोर माणसे बसली. पण सकाळी ज्याने वैज्ञानिक म्हणून शंका काढायची, त्यानेच दुपारी सचिव म्हणून अंमलबजावणीचा अहवाल द्यायचा असेल, तर शंका जेवणाच्या सुट्टीत विरून जाते. शिवाय सरकारी प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांना बहुतांशी तेच वर्तणूक नियम लागू आहेत, जे मला आहेत. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही. माझ्यासारख्या कारकुनी वंशाच्या माणसाला हा नियम शोभतो. पण ज्याला पगारच मुळी शंका घेण्याचा मिळतो, त्याला?

१९९९ मध्ये प्रमुख वैज्ञानिक सल्लागाराचे कार्यालय स्थापन झाले आणि डॉ. कलाम पहिले सल्लागार झाले. कार्यालय चांगले आहे. तेथून कोणता सल्ला गेला आणि त्यातला कोणता नाकारला गेला, हे नागरिकाला समजण्याची नियमित वाट मात्र नाही.

बंद दाराआडच्या सल्ल्याची किंमत किती होते याचे उदाहरण आपल्या सह्याद्रीतच आहे. मार्च २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ समिती नेमली. ऑगस्ट २०११ च्या अखेरीस अहवाल हाती आला. मंत्रालयाने तो ठेवून दिला. केरळमधील एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात तो मागितला, तेव्हा उत्तर मिळाले की अहवाल अद्याप विचाराधीन आहे आणि तो उघड केल्यास देशाच्या वैज्ञानिक व आर्थिक हितास बाधा येईल. डोंगरात कोणत्या उतारावर खाण नको, हे डोंगरात राहणाऱ्याला कळले तर देशाच्या हितास बाधा! एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी अहवाल प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, मे महिन्यात तेथेही हरले, आणि मग अहवाल संकेतस्थळावर आला, तोही 'मंत्रालयाने हा स्वीकारलेला नाही' या सूचनेसह.

त्या आठ-नऊ महिन्यांत काय झाले असेल याचा अंदाज घाटातील कोणीही देईल. अहवाल कोणी वाचलेला नव्हता, आणि अहवालात काय आहे हे मात्र सर्वांना माहीत होते : शेती बंद होणार, घरे उठणार, म्हैस पाळायलाही परवाना लागणार. वस्तुतः सीमा कशा आखायच्या ते ग्रामसभांना विचारून ठरवा, असे त्या अहवालाचे सांगणे होते. लोकांना विचारा म्हणणारा कागद लोकांपासूनच दडवून ठेवला गेला, आणि नंतर 'लोकांचा विरोध आहे' या कारणाने बाजूला सारला गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट आला. त्याने एप्रिल २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के, म्हणजे साठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग संवेदनशील ठरविण्याची शिफारस केली. मार्च २०१४ मध्ये पहिला अधिसूचना-मसुदा निघाला. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी. त्याच्या आदल्या दिवशी पहाटे वायनाडमधील मुंडक्काई आणि चूरलमला ही गावे दरडीखाली गेली होती आणि दोनशेहून अधिक माणसे मेली होती. ती गावे ज्या वैथिरी तालुक्यात आहेत, तो गाडगीळ समितीने सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत घातला होता. बरोबर दहा वर्षांपूर्वी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातील माळीण गेले होते. तेथे दीडशेहून अधिक माणसे.

अहवाल मान्य झाला असता तर ही माणसे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. पाऊस अहवाल वाचत नाही. पण तेरा वर्षे एक मंत्री दुसऱ्याकडे, केंद्र राज्याकडे आणि राज्य पुन्हा केंद्राकडे बोट दाखवीत राहिले, आणि 'मी हा सल्ला नाकारतो, माझी कारणे ही' असे एका पानावर लिहून खाली सही करण्याची वेळ कोणावरच आली नाही.

अशी सही करता येते. जी समिती नेमली गेली ती नेमणारे मंत्री जयराम रमेश यांनीच ती करून दाखविली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय तज्ज्ञ समितीने बीटी वांग्याला मान्यता दिली. रमेश यांनी अहवाल लगेच खुला केला, सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या (त्यांत आपले नागपूरही होते), शिव्याही खाल्ल्या, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगितीचा निर्णय कारणांसह, आलेल्या पत्रांच्या जोडपत्रांसह प्रसिद्ध केला. माझ्या मते तो निर्णय चुकला. बांगलादेशाने २०१३ मध्ये तेच वांगे स्वीकारले, आणि आपण अजून घोळ घालीत आहोत. पण तो चुकला असे मी आज म्हणू शकतो, कारण त्याची कारणे माझ्यासमोर आहेत. आणि गंमत पाहा : त्याच वर्षी सहा विज्ञान अकादम्यांनी मिळून या विषयावर जो अहवाल दिला, त्यात काही मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला निघाला. अहवाल उघड होता म्हणून ते सापडले. बंद लिफाफ्यातून गेला असता तर देशाच्या सर्वोच्च शास्त्रज्ञांचे एकमत म्हणून तो फाइलीला लागला असता. उजेड मंत्र्यांनाच बोचतो असे नाही.

याहूनही जुने उदाहरण सी. सुब्रमण्यम यांचे. १९६५ मध्ये कृषी संशोधन परिषदेच्या शिरावर प्रथमच शास्त्रज्ञ, बी. पी. पाल, बसले, तोवर ती खुर्ची आम्हा प्रशासकांची होती. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणण्याचा निर्णय झाला. अर्थ मंत्रालय परकीय चलनासाठी कुरकुरत होते, नियोजन आयोग साशंक होता, आणि माझ्या शास्त्रातील पंडितांनी हे परवडणारे नाही असे हिशेब मांडले होते. सुब्रमण्यम यांनी स्वामिनाथन यांचे ऐकले, संसदेत उभे राहून निर्णय आपल्या अंगावर घेतला आणि दिल्लीतील आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर तो गहू पेरला. १९६६-६७ मध्ये सुमारे १ कोटी १४ लाख टन असलेले गव्हाचे पीक पुढच्याच वर्षी १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. पाऊसही चांगला झाला होता, हे खरे. स्वतः सुब्रमण्यम १९६७ ची निवडणूक हरले होते, वेगळ्या कारणांनी. पण तो गहू कोणाच्या सहीने आला, हे शोधायला कोणाला न्यायालयात जावे लागले नाही.

यावर माझे सहकारी एक आक्षेप घेतात : सल्ला प्रसिद्ध होणार म्हटले की शास्त्रज्ञ मोकळेपणाने बोलणार नाहीत. हा आक्षेप मी पंचवीस वर्षे आदराने ऐकला. आता तो आदर उरलेला नाही. त्या तमिळ गृहस्थांना मोकळेपणाने बोलण्याची भीती नव्हती. त्यांनी पत्र लिहून आपले म्हणणे नोंदवा अशी मागणी केली होती. लपवायचे होते ते आम्हाला. आणि यासाठी नवा कायदा करावा लागेल, हेही खरे नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सन २००५ पासून सांगत आहे, की महत्त्वाची धोरणे आखताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती कोणी न मागता प्रसिद्ध करावी आणि निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत. 'न मागता' हे शब्द आमच्या कार्यालयांत कोणी वाचलेले दिसत नाहीत. तज्ज्ञ समितीचा अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत, भिन्नमतांसह, संकेतस्थळावर. आणि मंत्र्याने तो नाकारला तर खाली त्याची कारणे व सही. मंत्र्याला नाकारण्याचा पूर्ण अधिकार आहे, किंबहुना तो हवाच. निवडून तो आलेला आहे, शास्त्रज्ञ नाही.

मध्यंतरी त्या पत्राची प्रत मिळते का, म्हणून जुन्या मंत्रालयातील एका परिचिताला विचारले. दोन दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. फाइल अभिलेख कक्षात पाठविताना 'सी' वर्गात, दहा वर्षांसाठी, ठेवली गेली होती; मुदत संपल्यावर नियमानुसार नष्ट झाली. वर्गीकरणाच्या नोंदीखाली सही कोणाची आहे, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही, कारण ती मला आठवत होती.