टाकीतली बाटली व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही

मागच्या हिवाळ्यात एका पहाटे अम्मींचा दमा वाढला. त्यांना बीडला न्यायचे ठरले. भाईजानांनी सेल्फ मारला. गाडी चालू झाली, पण थडथडत आणि मिस मारत. चकलांब्याच्या बाहेर पडेपर्यंत पिकअपच नव्हता. अल्लाहच्या मेहरबानीने अम्मींना वेळेत इलाज मिळाला. आम्हाला मात्र प्रश्न पडला, चार वर्षांची, जेमतेम चाललेली पेट्रोल गाडी अशी का वागते?

गाडी जड वाटू लागली म्हणून आम्ही आधीच टाकीत इंजिन क्लीनरच्या तीन बाटल्या ओतल्या होत्या. फायदा शून्य. शेवटी एका जाणत्या मेकॅनिकने इंजिनाची हवेची वाट उघडून दाखवली. इनटेक व्हॉल्व्हवर काळा, कडक थर जमला होता.

कारण समजून घेऊ. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीमागे फवारले जाते, त्यामुळे व्हॉल्व्ह सतत धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडते आणि व्हॉल्व्हवरून फक्त हवा जाते. त्या हवेत इंजिन ऑइलची वाफही असते, कारण इंजिनातली वाफ बाहेर न सोडता पुन्हा जाळण्यासाठी आत पाठवली जाते. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनची पाती तेलकट, चिकट होतात ना, तसेच हे. फरक इतकाच, की इथे उष्णतेने तो थर भाजून घट्ट होतो. टाकीतली बाटलीही पेट्रोलबरोबर सिलिंडरमध्येच जाते. इंजेक्टर साफ होईल, व्हॉल्व्ह नाही.

म्हणून हे तंत्र वाईट, असे नाही. जपानमध्ये १९९६ सालीच अशी पेट्रोल गाडी बाजारात आली. कमी पेट्रोलमध्ये जास्त ताकद मिळते, म्हणून आज छोट्या टर्बो गाड्यांतही ते असते. डिझेल जीपवाल्यांनीही लक्ष द्यावे: तिथे धुराचा काही भाग पुन्हा आत घेतला जातो, त्यातली काजळी ऑइलच्या वाफेत मिसळून हवेची वाट अरुंद करते.

आता इलाज. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात आपले इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे आहे का, ते पाहा. काहींत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, त्यांना हा त्रास कमी. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचेच घाला आणि वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका. गाडी कमी चालली तरी मुदत झाली की ऑइल बदला. आमची चूक इथेच झाली. किलोमीटर झाले नाहीत म्हणून आम्ही दीड वर्ष ऑइल बदलले नव्हते. सर्व्हिसिंगला वाफेचा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासायला सांगा.

घर ते शाळा, शाळा ते दुकान अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओल मिसळते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग गाडी चालवा. याने जमलेला थर निघणार नाही, पण नवा जमण्याचा वेग कमी होतो.

थर जमलाच, तर हवेचा मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. कवच धातूपेक्षा मऊ असल्याने व्हॉल्व्हला इजा होत नाही. काम हे जाणणाऱ्याकडेच द्या, आधी कॅमेऱ्याने थर दाखवायला सांगा आणि खर्चाचा आकडा लिहून घ्या.

आमच्या घरी आता पायी जाण्यासारख्या कामाला गाडी निघत नाही. गेवराईची बँक, औषधे, बाजार ही सगळी कामे भाईजान एकाच फेरीत करतात. ऑइल बदलल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते, अम्मींच्या औषधांच्या तारखेशेजारी.