घरात आणखी कोण कोण आहे?

सात-आठ वर्षांचा पोरगा. शर्ट वर केला तर पाठीवर कुठे नुसता लाल ठिपका, कुठे पाण्याने टरारलेला फोड, कुठे धरलेली खपली. अशा तिन्ही अवस्था एकाच अंगावर दिसल्या की कांजिण्या ओळखायला सहसा रक्त तपासावं लागत नाही. देवीचे फोड असे मागेपुढे नसत, एका भागातले सगळे बरोबरच पिकत. आई येतानाच पिशवीत कडुलिंबाचा पाला घेऊन आली होती. "बाईच आल्यात ना, डॉक्टर? आपापल्या जातील."

जातीलही. नखं कापायची, तापाला पॅरासिटामॉल द्यायचं, ॲस्पिरिन मात्र चुकूनही नाही. त्यातून मेंदू आणि यकृतावर बेतू शकतं. पाल्यावर माझा राग नाही. पाला अंथरून पोराची आंघोळ बंद करतात, त्यावर आहे. खाजवलेल्या फोडात जंतू शिरतात ते मळक्या अंगावरच.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. घरात आणखी कोण कोण आहे?

"हे आहेत, सासूबाई आहेत. आणि नणंदबाई आल्यात बाळंतपणाला. आठवा लागलाय."

पहिलटकरीण सातव्यात माहेरी येते आणि हिवाळा सरताना शाळाशाळांतून कांजिण्या फिरत असतात. भाचा आत्याला चिकटलेला. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला लागण देऊ शकतो, म्हणजे निराळ्या खोलीत ठेवायचं सुचेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्यांना पूर्वी आल्या नाहीत, लसही घेतलेली नाही, अशा घरातल्या दहांपैकी नऊ जणांना त्या येतात. पोराला आठवडाभर खाज. मोठ्या माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो, गरोदर बाईला तर तो फारच जड जातो. बाळंतपणाआधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस या काळात आईला पुरळ उठलं, तर बाळाला विषाणू मिळतो, पण त्याच्याशी लढणारी आईची प्रतिपिंडं पोचायला वेळच उरत नाही. असं तान्हं बाळ दगावूही शकतं.

सासूबाईंचं उलट. त्यांना लहानपणी येऊन गेल्या असतील, तर तो विषाणू आजही त्यांच्या मज्जातंतूंच्या मुळाशी निजलेला आहे. उतारवयात तोच नागीण होऊन उठतो. नागिणीने कमरेला वेढा पुरा केला की माणूस जातो, ही भीती मी अजून ऐकतो. वेढा सहसा पुरा होतच नाही, कारण ती एका बाजूच्या मज्जातंतूपुरतीच पसरते.

मिचिआकी ताकाहाशी या जपानी डॉक्टरांनी पोटच्या मुलाचे कांजिण्यांतले हाल पाहिले आणि १९७४ मध्ये लस तयार केली. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही, दोन डोस पदरमोड करून घ्यावे लागतात. मुलांना द्यावी की नाही यावर पालक माझ्याशी तासभर बोलतात. लग्न ठरलेल्या मुलीला मात्र "तुला कांजिण्या येऊन गेल्यात का?" एवढंही कोणी विचारत नाही. विचारायची वेळ तीच असते. गरोदरपणात ही लस देता येत नाही, आणि घेतल्यावर महिनाभर तरी दिवस राहू द्यायचे नसतात.

"सासूबाईंना फोन लावा," मी म्हटलं. नणंदेचं रक्त तपासून कळलं असतं, गरज पडल्यास दहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देता आलं असतं. पण आधी तिच्या आईला विचारावं.

फोन स्पीकरवर होता. "तिला ना? दुसरीत असताना आल्या होत्या की. डाव्या भुवईवर अजून खड्डा आहे. लग्न जमवताना फोटोवाल्याकडून बुजवून घेतला होता आम्ही."