आजींचं नाव कुठे गेलं?

वाङ्मय मंडळाच्या अंकात एसक्यूएलवर लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण माझा मुद्दा माणसांच्या नावांचा आहे.

माझं घर सुरतच्या लिंबायतमध्ये. आमच्या गल्लीतली बरीच कुटुंबं खानदेशातून लूमवर आणि साडी मार्केटमध्ये कामाला आलेली. रेशनकार्ड गावचंच. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत ९ ऑगस्ट २०१९ पासून गावच्या कार्डावर इथलं धान्य मिळू लागलं, पण त्यासाठी कार्डाला आधार जोडलेलं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतल्या पोरांनी घरोघरी माहिती गोळा केली. एका टेबलात कुटुंबं, दुसऱ्यात कार्ड आणि आधार. अर्धवट नोंदी शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मी दोन्ही टेबलं इनर जॉइननं जोडली, आधार नसलेली कार्डं निवडली आणि ऐटीत यादी भिंतीवर लावली. संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. "मनं नाव कोठे शे?"

आजींकडे कार्डच नव्हतं. म्हणून दुसऱ्या टेबलात त्यांची ओळ नव्हती, आणि इनर जॉइन तर दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी दाखवतो. ज्यांचं सगळ्यात जास्त अडलं होतं, तेच अर्धवटांच्या यादीतून गळाले होते. एररही आली नाही!

मग लेफ्ट जॉइन लावला. म्हणजे कुटुंबांची प्रत्येक ओळ ठेवायची आणि कार्डाच्या बाजूचा कुटुंब क्रमांक 'इज नल' असेल ती घरं निवडायची. तरी मी पुन्हा चुकलो. 'आधार नाही' ही कार्डाच्या टेबलावरची अट सवयीनं 'व्हेअर'मध्येच ठेवली, तर आजी परत गायब. तिथे नल असलं की ती अट पुरी होतच नाही. शिवाय काही रकान्यांत पोरांनी नुसती रेघ ओढलेली. संगणकाच्या लेखी ती भरलेलीच जागा! ती वेगळी शोधावी लागली.

माझं मत एवढंच, की अर्धवट नोंदी शोधताना सुरुवात माणसांच्या टेबलापासून करावी, कागदपत्रांच्या नाही. आणि कुठल्याही यादीवर किती नावं जुळली याच्याशेजारी किती जुळली नाहीत, तेही छापावं. वर्गात आपण उत्तर बरोबर आलं की पुढे जातो. उत्तरात कोण आलंच नाही, हे कुणी विचारत नाही.

अर्थात, जे घर पोरांच्या फेरीत सुटलं, ते लेफ्ट जॉइनलाही सापडणार नाही. त्यासाठी पुन्हा गल्लीत फिरावं लागतं. आम्ही फिरलो. आजींच्या कार्डाचा अर्ज गेलाय. कार्ड अजून यायचंय. नव्या यादीत मात्र त्यांचं नाव आहे, आणि पुढचा रकाना रिकामा आहे हेही दिसतं.